'हो, चालेल' म्हणजे नेमकं कशाला? : विखुरलेल्या टीमचं बोलणं धाग्यांवर आणतानाचे आठ महिने

गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३. आमच्या टीमच्या चॅट-ग्रुपवर सकाळी दोन प्रश्न आले, चार मिनिटांच्या अंतराने. पहिला : "नव्या आवृत्तीचा मजकूर आता गोठवायचा का?" दुसरा : "आजची मीटिंग उद्यावर ढकलली तर चालेल का?" मधे एकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दोन-तीन हसरे चेहरे. अर्ध्या तासाने आमच्या विभागप्रमुख मॅडमनी प्रवासातून मोबाईलवर लिहिलं, "हो, चालेल."

त्यांनी ते मीटिंगबद्दल लिहिलं होतं. आमच्या सहा अनुवादकांनी मजकुराबद्दल वाचलं, म्हणजे मजकूर गोठला, आता तो बदलणार नाही असं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. इकडे लेखनाचं काम पाहणारे तिघे मजकुरात फेरफार करतच राहिले, कारण त्यांच्या लेखी काहीच गोठलं नव्हतं. हा घोळ लक्षात आला मंगळवारी, २४ ऑक्टोबरला. सहा जणांचे आठ-आठ दिवस, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा पुन्हा करावा लागला. कुणी आळस केला नव्हता, कुणी निष्काळजीपणाही केला नव्हता. मी पुन्हा ग्रुपवर जाऊन ते तीन-चार मेसेज सलग वाचले, तर मलाही दोन्ही अर्थ तितकेच बरोबर वाटले. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. अशी किती 'हो, चालेल' आमच्या कामात आधीच मुरली असतील?

आमची टीम एका सॉफ्टवेअरचं मदत-साहित्य लिहिते आणि त्याची भाषांतरं करते. एकूण १३ जण : तीन लेखक, सहा अनुवादक, दोन डेव्हलपर, मॅडम आणि समन्वयाचं काम पाहणारी मी. सगळे घरून काम करतो आणि पाच वेगवेगळ्या कालविभागांत बसतो. म्हणजे एकाची सकाळ ही दुसऱ्याची झोपायची वेळ. त्या घोळानंतर जूनपर्यंत आम्ही सगळं बोलणं विषयवार धाग्यांवर आणलं, म्हणजे एका विषयाचे प्रश्न आणि उत्तरं एका जागी, एकाखाली एक. ते कसं झालं, कुठे अडलं, किती वेळ गेला, हे लिहून ठेवते आहे. मी सुरुवात केली तेव्हा असं कुणाचं तरी सविस्तर लिहिलेलं मला हवं होतं.

सुरुवातीला माझा समज होता की मेसेज फार येतात, हाच आमचा त्रास. म्हणून ३० ऑक्टोबरच्या आठवड्यात मी मागच्या दोन आठवड्यांचा ग्रुप पहिल्यापासून वाचून काढला. नऊ तास लागले, तीन संध्याकाळी मिळून. एका तक्त्यात प्रत्येक प्रश्न लिहिला : कुणी विचारला, कधी विचारला, उत्तर कुठे आहे. एकूण ११८ प्रश्न निघाले. त्यांतल्या ४७ प्रश्नांना उत्तर मिळालं की नाही, हे मला ठामपणे सांगता येईना. काहींवर चर्चा छान रंगली होती आणि मग कुणीतरी दुसरंच काही विचारलं होतं. काहींचं उत्तर फोनवर झालं असावं. काहींना नुसता अंगठा मिळाला होता. तो 'वाचलं' म्हणून की 'मान्य' म्हणून, देव जाणे.

मेसेजांची संख्या हा आजार नव्हताच. एखादा प्रश्न संपला कुठे, हे कुणालाच कळत नव्हतं. हा तक्ता करायला कंटाळा येतो, पण तुम्ही असलं काही करायला निघाला असाल तर आधी हाच करा. पुढे जिथे जिथे अडलं तिथे मला या ४७ चा आधार झाला. 'मला वाटतं' असं म्हणण्याऐवजी नेमकी जागा दाखवता आली.

सोमवारी, ६ नोव्हेंबरला मी मॅडमना दीड पानाचा प्रस्ताव पाठवला. त्यांची पहिली शंका रास्त होती. "लोक पटापट उत्तरं देतात म्हणून आपलं काम वेगात होतं. धागेबिगे केले की सगळे ऑफिसच्या फायलीसारखे सुस्तावतील." मी याचा शोध घेतला. संशोधक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा एक शोधनिबंध आहे. कामात व्यत्यय आलेल्यांनी काम उलट कमी वेळात उरकलं, दर्जातही फरक पडला नाही, पण ताण, चिडचिड आणि घाईची भावना वाढली, असं त्यात आढळलं. म्हणजे वेगाबद्दल मॅडमचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी त्यांना तसंच सांगितलं आणि शेजारी तो तक्ता ठेवला. आपण वेगात आहोत हे खरं, पण कुठल्या दिशेने जातोय हे सहा जणांना आठ दिवस माहीत नव्हतं. मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चार आठवडे पाच जणांवर करून बघा."

आता साधन निवडायचं. यावर आठवडाभर गेला आणि तो वाया गेला नाही, कारण 'धागा' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात हे तेव्हा कळलं.

ईमेलमध्ये धागे कधीचेच आहेत. १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या मानकातच 'हे पत्र कुठल्या पत्राला उत्तर आहे' हे सांगणारी ओळ पत्राच्या शीर्षभागात असते. अडचण माणसांची होते. नवा विषय काढताना लोक जुनंच पत्र उघडून 'उत्तर द्या' दाबतात, आणि सुट्टीच्या अर्जाच्या शेपटीला भाषांतराचा प्रश्न लागतो. स्लॅक या टीम-चॅटच्या साधनात जानेवारी २०१७ पासून धागे आहेत, पण तिथे धागा एखाद्या मेसेजला लटकतो. त्याला स्वतःचं नाव नसतं आणि धागा करायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर. शिवाय फुकट योजनेत सप्टेंबर २०२२ पासून मागच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं. आमची एक आवृत्ती सहा महिन्यांची, तेव्हा ते चालणारं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये चॅनलवरच्या पोस्टला विषय लिहिता येतो, पण लिहावाच लागतो असं नाही. डिस्कोर्स या चर्चामंचाच्या साधनात शीर्षकाशिवाय धागा निघतच नाही, आणि लांब, विचारपूर्वक चर्चेसाठी ते मला फार आवडलं. फक्त आमच्याकडे दोन ओळींच्या शंकाही भरपूर असतात, त्यांना ते जड गेलं असतं.

शेवटी झुलिप हे टीम-चॅटचं साधन घेतलं. त्यात चॅटसारखं पटकन लिहिता येतं, पण प्रत्येक मेसेज कुठल्या ना कुठल्या विषयाखाली जातो. काम संपलं की विषयावर 'सुटला' अशी खूण करता येते आणि नावाआधी बरोबरची टिकली दिसते. चुकीच्या जागी पडलेले मेसेज उचलून योग्य विषयात हलवता येतात. ते मुक्त-स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं असल्यामुळे आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. आमच्यासाठी ही शेवटची गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण पुढे होता संगणक विभाग.

२० नोव्हेंबरला मी त्यांचा अर्ज भरला. 'नवीन सेवेसाठी मंजुरी' असं नाव, नऊ पानं. माहिती कुठे साठवली जाणार, किती काळ ठेवणार, बॅकअप कोण घेणार, दोन टप्प्यांची पडताळणी आहे का, नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं कोण आणि किती तासांत बंद करणार, उद्या हे साधन बंद पडलं तर आपली माहिती बाहेर काढता येईल का आणि कुठल्या स्वरूपात. पहिल्या वाचनात मला वैताग आला. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की शेवटचा प्रश्न मी स्वतःला विचारायलाच हवा होता. ४ डिसेंबरला ११ शंकांसह अर्ज परत आला. त्यातल्या सात शंका मी 'लागू नाही' असं लिहून सोडलेल्या रकान्यांवर होत्या. तेव्हा एकही रकाना मोकळा ठेवू नका. का लागू नाही, ते एका वाक्यात लिहा. १३ डिसेंबरला मंजुरी आली. एकूण २३ दिवस.

परवान्याचा खर्च नव्हता, पण फुकट म्हणता येणार नाही. सर्व्हरवर बसवून सुरळीत करायला संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याचे दोन दिवस गेले, आणि तेव्हापासून दर महिन्याला अपडेट आणि बॅकअप तपासायला त्याचे दोनेक तास जातात. माझे स्वतःचे आठ महिन्यांत मिळून ९० तास तरी गेले असतील. प्रस्तावात मी ३० लिहिले होते.

२ जानेवारी २०२४ ला पाच जणांची चाचणी सुरू झाली. ती इतकी सहज गेली की मी निर्धास्त झाले. ते पाचही जण नीटनेटकं लिहिणारे होते, आणि मीच त्यांना निवडलं होतं. पुन्हा करायची वेळ आली तर मी त्यात निदान दोघे तरी नाखूश लोक घेईन. चाचणीत जे कळायला हवं होतं ते सगळं आम्हाला ५ फेब्रुवारीनंतर कळलं. त्या सोमवारी जुना ग्रुप बंद करून १३ जण नव्या जागी आले.

पहिल्या आठवड्यात ६४ धागे निघाले. त्यांची नावं : 'प्रश्न', 'मदत हवी', 'अर्जंट', 'कालचं', 'प्रश्न २'. 'अर्जंट' नावाच्या धाग्यात चार दिवसांत चार वेगळ्या गोष्टी आल्या होत्या आणि त्यांतली एकही आता अर्जंट नव्हती. म्हणजे जुना ग्रुपच आम्ही ६४ तुकड्यांत वाटून ठेवला होता. बुधवारी एका लेखक सहकाऱ्याने मला फोन केला. "अगं, आधी एका जागी हरवायचं, आता शोधायचं कुठे तेच कळत नाही." त्याचं बरोबर होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेरा जणांची घडी मी मोडली आणि बदल्यात काहीच दिलं नाही, असं वाटत राहिलं.

नाव कसं द्यायचं यावर आम्ही त्या शुक्रवारी तासभर बोललो. माझ्या मते आठ महिन्यांतला हा सगळ्यात कामाचा तास. आधी मी मोठी नियमावली लिहून आणली होती : आधी विभाग, मग आवृत्ती, मग भाषा, मग विषय. ती वाचूनच सगळे दमले. मग एका डेव्हलपरने साधी कसोटी सुचवली : तीन महिन्यांनी हे शोधायचं झालं तर तुम्ही कुठले शब्द टाइप कराल? तेच नाव. 'अर्जंट' असं तीन महिन्यांनी कुणी शोधत नाही. 'लॉगिनच्या पानावर चुकीचा पासवर्ड टाकल्यावरचा संदेश' असं शोधतं. नाव लांब झालं तर होऊ दे. आणि शक्यतो नाव प्रश्नाच्या रूपात असू दे, म्हणजे उत्तर मिळालं की नाही ते नावावरूनच तपासता येतं. 'शब्दसूची' हा धागा कधीच संपत नाही. 'ड्राफ्टला मसुदा म्हणायचं की कच्चा मजकूर?' हा संपतो.

मोठे कप्पे, ज्यांना झुलिपमध्ये तेव्हा स्ट्रीम म्हणायचे आणि २०२४ मध्येच पुढे चॅनल म्हणू लागले, ते आम्ही आठवरून चारवर आणले : लेखन, भाषांतर, तांत्रिक, आणि सर्वांसाठी. लिहिणाऱ्याला 'हे कुठे टाकू?' असा विचार पाच सेकंदांपेक्षा जास्त करावा लागला, तर तो सरळ कुणालातरी खाजगी मेसेज करतो.

तेच झालंही. फेब्रुवारीच्या मध्यावर धागे शांत दिसायला लागले तेव्हा मला आधी आनंद झाला, मग शंका आली. विचारलं तर अर्धं बोलणं खाजगी मेसेजांत चाललं होतं. का? एका अनुवादक सहकारी बाईंनी फार मनापासून उत्तर दिलं. "ग्रुपवर चुकीचं लिहिलं तर ते वाहून जायचं. इथे ते नावासकट राहतं. बारा जणांसमोर बावळट प्रश्न कसा विचारू?" हा मुद्दा मला कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडला नव्हता. आपण ज्याला 'नोंद राहते' असं कौतुकाने म्हणतो, तेच दुसऱ्या कुणाला दडपण वाटतं.

यावर नियम करून काही झालं नसतं. मॅडमना मी विनंती केली, आणि त्यांनी स्वतः दोन अगदी प्राथमिक प्रश्न उघडपणे विचारले. त्यांना खरंच माहीत नव्हते असेच. मी माझ्या खाजगी मेसेजांत आलेल्या प्रत्येक कामाच्या प्रश्नाला एकच उत्तर द्यायला लागले : "चांगला प्रश्न आहे, धागा काढाल का? मी तिथेच उत्तर देते." आणि लगेच, मिनिटभरात, तिथे उत्तर दिलं. उघड विचारल्यावर उत्तर लवकर मिळतं हे चार-पाच वेळा अनुभवाला आलं की माणूस आपोआप तिकडे वळतो. पगार, आजारपण, घरच्या अडचणी, कुणाच्या कामाबद्दलची नाराजी या गोष्टी मात्र खाजगीतच, हे मी पहिल्या धाग्यात स्पष्ट लिहून ठेवलं.

माझ्याकडून एक चूक याच काळात झाली. अवांतर गेलेले मेसेज मी भराभर उचलून योग्य धाग्यात हलवत होते, अगदी उत्साहाने. त्याच सहकारी बाईंचे तीन मेसेज हलवल्यावर त्या दोन दिवस गप्प झाल्या. फोन केला तेव्हा म्हणाल्या, "मी लिहिलेलं माझ्या नकळत हललं, तेव्हा शाळेत बाईंनी सगळ्यांदेखत जागा बदलायला लावल्यासारखं वाटलं." मी माफी मागितली. तेव्हापासून हलवण्याआधी विचारते, किंवा हलवल्यावर तिथे कारण लिहिते : "याला स्वतःचा धागा हवा, म्हणून वेगळा केलाय." असं कारण वाचलं की किती वेगळं वाटतं! आता लोक स्वतःच सांगतात, "हे वेगळं काढ ना."

मार्चमध्ये घड्याळांनी त्रास दिला. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतली घड्याळं १० मार्चला पुढे गेली, युरोपातली ३१ मार्चला, आणि टीममधल्या काही जणांकडे घड्याळ कधी बदलतच नाही. त्या तीन आठवड्यांत आमची रोजची मीटिंग कुणाला तासभर लवकर तर कुणाला उशिरा पडली. दोनदा दोघे जण रिकाम्या मीटिंगमध्ये येऊन बसले. याच गोंधळात आम्ही रोजची मीटिंग बंद करून आठवड्यातून एक ठेवली. रोज सांगायचं ते प्रत्येकाने आपल्या सकाळी धाग्यावर लिहायचं असं ठरलं. वेळ लिहिताना यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकात तीच पद्धत आहे. हा तारखेचा नियम सुचला कारण एकाने ०५/०४ लिहिलं होतं. अर्ध्यांनी ५ एप्रिल वाचलं, अर्ध्यांनी ४ मे. सुदैवाने ते मार्चमध्येच लक्षात आलं.

मीटिंग कमी झाली तरी एक सवय सुटत नव्हती : मीटिंगमध्ये ठरायचं आणि धागा तसाच लटकत राहायचा. जे त्या वेळी झोपलेले असायचे त्यांच्यासाठी निर्णय आकाशातून पडायचा. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये प्रत्यक्ष बैठकीत ठरलेलं पुन्हा सगळ्यांच्या ईमेलच्या टपालयादीवर पडताळलं जातं, म्हणजे बैठकीला न आलेल्यांनाही बोलता येतं. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात, तेही जगभर पसरलेल्या स्वयंसेवकांना वेळ मिळावा म्हणून. आम्ही तेरा जणांसाठी त्यातलं थोडं उचललं. मीटिंगमध्ये फक्त 'कल' ठरतो. तो धाग्यावर लिहायचा आणि दोन कामाचे दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर निर्णय पक्का.

आणि मग धागा बंद करायचा. आम्ही मराठी बोलणारे चौघे त्याला 'गाठ मारणं' म्हणतो, आता बाकीच्यांच्या तोंडीही तोच शब्द बसला आहे. ज्याने धागा काढला त्यानेच गाठ मारायची. शेवटचा मेसेज ठरलेल्या पद्धतीचा : काय ठरलं, का ठरलं, कुणी करायचं, कधीपासून, आणि काय बदललं तर हा विषय पुन्हा उघडायचा. चार-पाच ओळी, वीस मिनिटांच्या चर्चेला दोन मिनिटं. ऐकायला सोपं आहे, पण आम्हाला अंगवळणी पडायला पाच आठवडे लागले. उत्तर मिळालं की माणसाचं काम होतं आणि तो पुढे जातो. गाठ त्याच्यासाठी नसतेच, ती न आलेल्यांसाठी आणि पुढे येणाऱ्यांसाठी असते. दर सोमवारी सकाळी मी अर्धा तास आठवड्यापेक्षा जुने उघडे धागे बघायचे आणि धागा काढणाऱ्याला विचारायचे, "याचं काय झालं?" पहिल्या सोमवारी ३८ होते. एप्रिलच्या शेवटी ६.

'का ठरलं' ही ओळ लोक सर्वांत आधी गाळतात. ती गाळू देऊ नका. तीच नसेल तर तीन महिन्यांनी तोच वाद पुन्हा पहिल्यापासून होतो, आमच्याकडे एकदा झालाच.

उत्तर किती वेळात द्यायचं, हेही लिहून ठेवावं लागलं, नाहीतर प्रत्येक जण मनातल्या मनात वेगळं घड्याळ धरून बसतो. नावाने हाक मारली असेल तर एका कामाच्या दिवसात उत्तर द्यायचं, निदान 'उद्या बघते' एवढं तरी. हाक नसेल तर उत्तराची अपेक्षा नाही. सगळ्यांना एकदम हाक मारायची नाही, आणि जे खरंच थांबू शकत नाही त्यासाठी फोन. सुरुवातीला मी सगळ्या धाग्यांच्या सूचना चालू ठेवल्या होत्या आणि पंधरा दिवसांत डोकं भणभणायला लागलं. आता भाषांतराचे तांत्रिक धागे मी मूक केले आहेत आणि स्वतः काढलेल्या धाग्यांवरच लक्ष ठेवते. कुणाला माझी गरज असेल तर हाक येते.

जुन्या ग्रुपचं काय करायचं हा प्रश्न मी फार दिवस टाळला. सगळा इतिहास नव्या जागी आणावा असा माझा हट्ट होता. एक अख्खा शनिवार मी त्यात घालवला आणि मग लक्षात आलं की विषयाशिवायचे हजारो मेसेज आणून त्यांचं करायचं काय. शेवटी संपूर्ण ग्रुपची एक फाइल काढून सामायिक जागेत ठेवली आणि अजूनही लागू असलेले १९ निर्णय हाताने लिहून प्रत्येकी एक धागा काढला, गाठ मारूनच. त्या फाइलमध्ये आजवर दोनदाच डोकावावं लागलं.

मे महिन्यात मला आणखी एक गोष्ट जाणवली, ती थोडी उदास करणारी. सगळं जागच्या जागी होतं आणि कुणी कुणाशी हसत नव्हतं. जुन्या ग्रुपवर वाढदिवस, मुलांचे फोटो, वैतागलेले उद्गार कामाच्या गर्दीत मिसळलेले असायचे. त्याने गोंधळ व्हायचा, पण त्यानेच आम्ही एकमेकांना ओळखायचोही. एकाचे वडील आजारी आहेत हे मला तीन आठवडे उशिरा कळलं, आणि याचा मला फार त्रास झाला. आम्ही 'ओसरी' नावाचा पाचवा चॅनल काढला. तिथे एकही नियम नाही, गाठ नाही, नाव काहीही द्या. आठवड्याच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटंही कामाशिवाय बोलायला ठेवली. हे फेब्रुवारीतच करायला हवं होतं. तुम्ही जुनी जागा बंद करणार असाल तर तिथे कामाखेरीज काय काय चालायचं तेही एकदा बघून घ्या आणि त्याला पहिल्या दिवसापासून जागा द्या.

बदल मला सर्वांत जास्त दिसला तो आमच्यापासून वेळेने सगळ्यात लांब असलेल्या अनुवादक सहकाऱ्यात. ग्रुपच्या काळात तो उठायचा तेव्हा चर्चा संपलेली असायची. वर्षभरात त्याचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता, आणि मी मनात त्याला 'अबोल' म्हणून टाकलं होतं. आता तो रोज सकाळी, त्याच्या सकाळी, उघडे धागे वाचतो आणि तीन-चार ठिकाणी सविस्तर लिहितो. शब्दसूचीतल्या विसंगती आम्हा कुणालाच दिसल्या नव्हत्या, त्या त्याने काढल्या. तो कधीच अबोल नव्हता, त्याच्या वेळेला आमच्याकडे जागा नव्हती.

३ जूनला एक नवी लेखिका रुजू झाली. आधी नव्या माणसाला मी दोन दिवस समजावून सांगायचे. तिला फक्त गाठ मारलेल्या चाळीसेक धाग्यांची यादी दिली. तिसऱ्या दिवशी तिने एका जुन्या, फेब्रुवारीतल्या धाग्यावर लिहिलं : "इथे 'का' मध्ये जे कारण दिलंय ते आता नव्या पानाला लागू होत नाही. हा विषय पुन्हा उघडायचा का?" तिचं म्हणणं बरोबर होतं. उघडला.

पुढच्या आवृत्तीचा मजकूर गोठवायची वेळ जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आली. धाग्याचं नाव होतं 'नव्या आवृत्तीचा मजकूर २०२४-०६-२१ ला गोठवायचा का?' लेखकांनी दोन पानं अर्धवट असल्याचं लिहिलं, डेव्हलपरने ती वगळता येतील म्हणून सांगितलं, लांबच्या सहकाऱ्याने रात्रीत एक शंका काढली, ती सुटली. मॅडम त्या आठवड्यातही प्रवासात होत्या. २१ तारखेला, शुक्रवारी, त्यांनी मोबाईलवरूनच गाठ मारली : "ती दोन पानं सोडून बाकी मजकूर आजपासून गोठवला. कारण : भाषांतराला पूर्ण चार आठवडे हवेत. बदल करायचा झाल्यास आधी इथे विचारा."

सोमवारी सकाळी मी संगणक उघडला तेव्हा सहाही जणांचं काम सुरू झालं होतं, आणि मला विचारायला कुणीही आलं नव्हतं.